सरनोबतांच्या पागेत, सुरतेच्या वेशीवर

हातातला फोन बाजूला ठेवा. बूटही काढा, कारण पुढचे काही दिवस तुमच्या पायांना माती, शेण आणि तापीचा गाळ एवढंच लागणार आहे. डोक्याला मुंडासं घट्ट बांधा. कमरेला चामड्याची एक पिशवी लटकतेय, ती चाचपून बघा. हातोडी, पकड, खूर तासायची सुरी आणि मूठभर खिळे. तुम्ही आता नालबंद आहात. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, हा शिवाजी महाराजांच्या पागेचा शिरस्ता. तुमच्या नावावर पंचवीस घोडी लागली आहेत, म्हणजे शंभर खुरं. रात्री झोप लागण्याआधी डोळ्यांपुढे तीच नाचणार.

ऑक्टोबर 1670. पाऊस नुकताच सरला आहे आणि जमीन आतून अजून ओली आहे. वर ऊन असं की पाठीवरचं आंगडं घामाने भिजतं, वाळतं, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि ते परत भिजतं. हवेत खाऱ्या चिखलाचा वास येतोय. समुद्र दिसत नाही, पण जवळ आहे हे नाकाला कळतं. त्यात पंधरा हजारांच्या फौजेचे वास मिसळलेत: घोड्यांचा घाम, तेल पाजलेलं चामडं, चुलींचा धूर आणि तोबऱ्यातल्या भिजल्या हरभऱ्याचा आंबूस दरवळ.

भूक लागली असेल तर भाकरी तुम्हालाच थापायची आहे. फौजेत बाई नाही, बटीक नाही, कलावंतीण नाही. आणली तर गर्दन मारायची, असा कडक नियम आहे. म्हणून मोठमोठ्या मिशांचे बारगीर गुडघे दुमडून पीठ मळताना दिसतील. कांदा दगडावर फोडायचा, मीठ लावायचं, उभ्याउभ्याच खायचं. तुमच्या हवालदाराने मात्र अजून घास घेतलेला नाही, तो घोड्यांना चंदी चारतोय. पागेचा घोडा सरकारचा, बारगिराच्या हाती फक्त सोपवलेला. स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, आणि त्याची ऐट तुम्हाला लांबूनच ओळखू येईल.

"ए गड्या, त्या अबलखाचा मागचा डावा बघ," हवालदार ओरडतो. "नाल वाजतोय. सरनोबत फेरीवर आहेत."

तुम्ही घोड्याचा पाय मांडीवर घेता. नाल खरंच सैल झाला आहे, एक खिळा वाटेत कुठेतरी पडला. तुम्ही खाली मान घालून ठोकत असता, तेवढ्यात आजूबाजूची बडबड थांबते. चारदोन घोडी जवळून सावकाश जातात. मधल्या स्वाराचा चेहरा तुम्हाला नीट दिसत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र आहे आणि पलित्यांचा उजेड घोड्यांच्या पायांपर्यंतच पोचतो. पण ते कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. खटाव भागातल्या भोसऱ्याचे कुडतोजी गुजर. महाराजांनी त्यांना प्रतापराव म्हटलं आणि पुढे मुलुखाने तेच नाव धरलं. हिंदवी स्वराज्याच्या घोडदळाचे सरनोबत.

सरनोबत म्हणजे काय, हे नालबंदाइतकं कोणालाच नीट कळत नाही. मोजून बघा. पंचवीस घोड्यांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. आणि त्या सगळ्यांच्या वर हा एक माणूस. तुमच्या अबलखाचा सैल नाल या साखळीतून चढत चढत शेवटी त्याच्या डोक्यात जाऊन खुपतो. दाणा संपला, पाणी खारट लागलं, एखाद्या जुमल्यात घोड्यांना खोकला झाला, जासूद उशिरा आला, सगळं त्याच्याच दारात. हातात तलवार घेऊन दौडणं हा त्या कामाचा वर्षाकाठी चार-दोन दिवसांचा भाग. बाकीचे दिवस वैरण, वाटा, हिशेब आणि माणसं सांभाळण्यात जातात.

आणखी एक गोष्ट शेकोटीभोवती ऐकाल. याच सरनोबतांनी सुरतेआधीची दोनेक वर्षं औरंगाबादेत काढली होती, मोगलांच्या छावणीत. संभाजीराजांच्या नावच्या मनसबीची फौज घेऊन ते आणि निराजी रावजी तिथे होते. 1669 सरता सरता मोगलांशी झालेला तह मोडायची चिन्हं दिसली आणि ते फौजेसह निसटून आले. मोगली लष्कर कसं उठतं, किती वेळात तंबू पाडतं, तोफा ओढणारे बैल दिवसाला किती चालतात, कुठला सरदार कोणाचं ऐकत नाही, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत याइतकी मोलाची शाळा दुसरी नाही. पुढच्या पंधरवड्यात त्या शिक्षणाचा उपयोग तुमच्या डोळ्यांसमोर होणार आहे.

पहाट झाली. उठा.

शहराभोवती भिंत आहे. सहा वर्षांपूर्वी महाराज पहिल्यांदा इथे आले तेव्हा ती नव्हती, त्यानंतर घाईने उभी केली गेली. भिंतीवरून थोडा गोळीबार होतो, धुराची पांढरी फुलं उमटतात, आणि मग भिंतीवरची माणसं नदीकाठच्या किल्ल्याकडे पळत सुटतात. फौज आत शिरते. तुम्ही अबलखाचा लगाम धरून मागोमाग जाता, आणि नाक चक्रावून जातं.

असं शहर तुम्ही कधी हुंगलेलं नाही. एका गल्लीत निळीचा कुबट, जड वास. पुढच्या वळणावर मिरी आणि दालचिनी. एका बंद दाराच्या फटीतून गुलाबाचं अत्तर झिरपतंय, शेजारीच सुक्या मासळीची पोती. कुठे मोख्याहून आलेल्या बुंदाण्याचा, म्हणजे कॉफीचा, कडवट सुगंध. कापसाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, हात लावला की गरम लागतात. भिंतींवर लाकडी कोरीवकाम, सज्जे इतके पुढे आलेले की गल्लीत दुपारीही सावली. वाटेवर एकच चप्पल पडली आहे. पुढे एक उलटलेला पाळणा आहे. उंबऱ्यावरची रांगोळी खुरांनी फिसकटली आहे.

इथे थोडं थांबाच, माझी विनंती आहे. आपण ही गोष्ट बहुतेक वेळा आपल्या बाजूच्या घोड्यावर बसून ऐकतो. आज तुम्ही जमिनीवर आहात. विहिरीच्या काठावर एक म्हातारी बसली आहे, तिला कोणी पळवून नेलं नाही आणि ती स्वतः पळू शकली नाही. तुम्ही घोड्यासाठी पाणी मागता, ती बघत राहते. तुमची भाषा तिला कळत नाही, पण पोहरा कळतो. ती तो तुमच्याकडे ढकलते. तिला हात लावायचा नाही, पोराला धरायचं नाही, गाईला सोडवून न्यायचं नाही, हे नियम फौजेला पाठ आहेत आणि ते मोडणाऱ्याला काय होतं तेही. पण नियम पाळले गेले म्हणून त्या गल्लीतली भीती कमी होत नाही. ती तुम्हाला त्या पोहऱ्यातल्या पाण्याच्या थरथरीत दिसेल.

दिवस चढतो तसा आवाज वाढतो. कुदळींनी जमीन उकरल्याचे ठोके येतात. सावकारांनी चौकाखाली, चुलीखाली, देवघराखाली पुरून ठेवलेलं बाहेर निघतंय. इंग्रजांच्या वखारीवरून बंदुका कडाडतात. वखारीत स्ट्रेनशाम मास्टर नावाचा त्यांचा माणूस खलाशांना घेऊन दारं लावून बसला आहे. नव्या सराईतले इराणी आणि तुर्की व्यापारीही नेटाने लढतात. फ्रेंचांनी मात्र आपल्यापुरती बोलणी करून घेतली आणि वाट मोकळी दिली. त्या वाटेने माणसं तातार सराईपाशी पोचतात. तिथे मक्केहून परतलेला काशगरचा पदच्युत बादशहा उतरला आहे. रात्री तो निसटून किल्ल्यात जातो आणि मागे उरतं सोनं, रुपं, भांडी आणि एक सोन्याचा पलंग. दुसऱ्या दिवशी तो पलंग तुमच्यासमोरून जातो. चार माणसांच्या खांद्यावर, अंगावर घोंगडी टाकलेला. घोंगडी एका कोपऱ्यात सरकते आणि उन्हात तेवढाच कोपरा इतका लखलखतो की घोडं बुजतं.

आता खरी गंमत बघा, आणि माझ्या मते याच जागी सरनोबताची पारख होते. पंधरा हजार माणसं आहेत, मोसमाअखेरीच्या वेतनाची वाट बघणारी. समोर हिंदुस्थानातलं सगळ्यात श्रीमंत बंदर उघडं पडलं आहे. कुठल्याही फौजेत या क्षणी शिस्त विरघळते. इथे मात्र एका ओसरीवर कारकून बसला आहे. मांडीवर कागद, कानावर बोरू, शाईची दौत घामाच्या हातातून निसटू नये म्हणून दोरीने मनगटाला बांधलेली. जे येतं ते त्याच्यासमोर येतं. मोती, हिरे, मोहरा, कापड. मोजलं जातं, लिहिलं जातं, बांधलं जातं. फौज छावणीवरून निघते तेव्हा माणसामागे काय आहे याची नोंद असते, परतल्यावर झाडा घेतला जातो, आणि जास्त निघालं तर वेतनातून वळतं होतं. तुमच्या पिशवीतले खिळेसुद्धा मोजलेले आहेत. हवालदाराने तुमचे कान उपटून ते सांगितलंच होतं.

संध्याकाळी शहर पेटतं. एक घर, मग गल्ली, मग आभाळ. लाकडी सज्जे फटाफट फुटतात. कापसाचे गठ्ठे धुमसतात तेव्हा ज्वाळा दिसत नाही, नुसता जाड, गोडसर धूर येतो आणि घशात बसतो. निळीचं कोठार पेटलं की वास असा येतो की डोळ्यांतून पाणी थांबत नाही. चंद्र नाही, तरी तापीचं पात्र लाल दिसतं. तुम्ही नदीच्या बाजूला घोडी हलवता, त्यांच्या डोळ्यांवर ओली फडकी बांधता. एक बारगीर पोरगा आगीकडे पाहत म्हणतो, "माझ्या गावची सगळी घरं धरली तरी एवढी नाहीत." कोणी उत्तर देत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक निघायचा हुकूम येतो. मोगली फौज अजून जवळपासही नाही. तरी निघायचं. थांबण्याचा मोह होतो तिथून उठवणं हे सेनापतीचं अवघड काम, आणि ते इथे वेळेवर होतं. जाताना शहरातल्या मोठ्या माणसांसाठी महाराजांचं पत्र ठेवलं जातं: दरसाल बारा लाख द्या, पुन्हा येणार नाही. पुढे बादशाही चौकशीत या लुटीची किंमत 66 लाख रुपये निघाली. तुमच्या वाट्याला त्यातलं आलं ते म्हणजे पाठीवर ओझं घेतलेल्या पंचवीस घोड्यांच्या झिजलेल्या टाचा.

आता तुमचे दिवस सुरू होतात. सुरत ते बागलाण ही वाट घोड्याच्या पायांनी चालून बघा म्हणजे कळेल. सुरुवातीला काळी, चिकट माती. खुरांत गच्च बसते आणि नाल उपटून काढते. मग दगड. मग चढ. ओझ्याने घोडं पुढे झुकतं, पुढचे नाल झिजतात. तुम्ही चालता चालता ठोकता, मुक्कामात ठोकता, पलित्याच्या उजेडात ठोकता. अंगठ्याचं नख काळं पडतं. पखालजी ओढ्यावरून पाणी आणतो ते आधी घोड्यांना, मग तुम्हाला. रात्री मुल्हेरच्या डोंगरांवरून गार वारा येतो आणि सुरतेचा धूर अजून मुंडाशात आहे हे लक्षात येतं.

बुऱ्हाणपुराहून मोगलांचा दाऊदखान कुरेशी निघाला आहे, असं जासूद सांगतो. चांदवडच्या रोखाने येतोय, वाट अडवणार. छावणीत कुजबुज वाढते. सरनोबतांची फेरी त्या रात्री दोनदा होते.

अमावास्येला सुरत पाहिली, आता पुनवेच्या सुमारास कांचनबारीची खिंड बघा. चांदण्यात सह्याद्रीची धार पांढरी दिसते. खाली खिंडीतून ओझ्याची घोडी एकामागून एक उतरतात, खुरांना फडकी गुंडाळलेली. ती फडकी तुम्हीच गुंडाळली आहेत असं समजा, एवढी सूट नालबंदाला घेऊ द्या. ऐवज नाशिकच्या बाजूने कोकणाकडे पुढे जाणार आणि फौजेचा मोठा भाग मागे तोंड करून उभा राहणार. सरनोबत कुठे? मागे. व्यंकोजी दत्तो आणि मकाजी आनंदराव यांच्यासह, जिथून दाऊदखान येणार त्या तोंडावर.

पहाटे धूळ उठते. मोगलांचा इखलासखान मियाना आघाडीला आहे. मागचं दळ पोचायच्या आतच तो टेकडीवरून खाली घोडं घालतो. त्याच्या समोरचे मराठे पळत नाहीत, नीट उभे असतात. तुम्ही झाडाआड असता. दिसत काहीच नाही, ऐकू मात्र सगळं येतं: खुरांचा गडगडाट, लोखंडावर लोखंड, बाणांची कोठी पेटल्यासारखा फुत्कार, आणि मग मोकळी घोडी. स्वार नसलेली घोडी तुमच्या दिशेने धावत येतात, लगाम पायात अडकलेले. तुम्ही पुढे होऊन एकाला धरता. त्याचा नाल वेगळ्या घडणीचा आहे. मोगली घोडा आहे तो. इखलासखान जखमी होऊन घोड्यावरून पडला, असं कोणीतरी ओरडत जातं. झुंज लांबते. पण ओझ्याची घोडी तोवर घाटाखाली गेलेली असतात. सुरतेचा ऐवज सुखरूप कोकणात उतरतो.

कारकीर्द मोजायची तर मी कांचनबारीचा, म्हणजेच वणी-दिंडोरीच्या लढाईचा, हा दिवस सगळ्यात आधी मोजेन. आपल्याला हवी तिथे शत्रूला गाठ घालायला लावणं, हवा तेवढाच वेळ लढणं आणि मुख्य काम पार पाडणं. औरंगाबादेतली ती दोन वर्षं इथे कामी आली.

पुढचं तुम्हाला पळत पाहावं लागेल, कारण प्रतापरावांची घोडी थांबतच नाहीत. त्याच हिवाळ्यात फौज वऱ्हाडात शिरते आणि कारंजा गाठते. खुरांखाली काळी कापसाची माती, रात्री दात वाजवणारी थंडी. 1672 च्या फेब्रुवारीत साल्हेर. एका बाजूने प्रतापरावांचं घोडदळ, दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळ्यांचं पायदळ, मधे गडाला वेढा घालून बसलेले मोगल. उघड्या रानात, दिवसाढवळ्या, मोठ्या बादशाही फौजेला मराठे समोरासमोर हरवतात. सूर्यराव काकडे पडतात. तोच इखलासखान यावेळी जखमी होऊन कैद होतो. धूळ इतकी की तीन कोसांच्या परिसरात आपलं माणूस की परकं ते ओळखू येत नाही, असं त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवलं आहे.

मग 1673 चा एप्रिल, उमराणी. विजापूरच्या वाटेवरचं ते रखरखीत रान तुम्ही उन्हाळ्यात पाहिलं असेल तर सांगायला नको. प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेची पाण्याची वाट अडवली. तलवारीपेक्षा तहान भारी पडली. हत्ती सोंडा वर करून ओरडत होते, माणसं ओठांना ओली माती लावत होती. खानाने गयावया केली आणि सरनोबतांनी त्याला जाऊ दिलं. ज्याने आयुष्यभर पखाली मोजल्या, त्याला तहानेचा अर्थ कळत असणार, असं मला मनापासून वाटतं. पण खान पुन्हा उलटला. महाराज संतापले, सला का केला म्हणून जाब विचारला, आणि खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका असं बजावलं.

शेवटचा मुक्काम गडहिंग्लजजवळ नेसरी. 24 फेब्रुवारी 1674. तुम्ही घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसला असताना खानाच्या हालचालीची खबर येते. फौज मागे आहे. सरनोबत थांबत नाहीत. सहा जण त्यांच्या मागोमाग निघतात. तुमच्या हातात नाल तसाच राहतो. ती सात घोडी परत पागेत आली नाहीत.

कुसुमाग्रजांच्या कवितेने ते सात जण घराघरांत पोचले, आणि ते पोचायलाच हवे होते. पण त्या एका दौडीने बाकीची कारकीर्द झाकली गेली, हे मला खटकतं. पंधरा हजारांची फौज सुरतेपर्यंत नेणं, शहर हाती असताना तिसऱ्या दिवशी उठणं, कांचनबारीत पाठ राखणं, साल्हेरला मोगलांना मैदानात हरवणं, हे करणाऱ्या माणसाला आपण केवळ संतापाच्या एका क्षणासाठी ओळखावं, हा त्याच्यावर अन्याय आहे. नेसरीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. तेव्हा सरनोबतपदावर हंबीरराव मोहिते होते. प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली.

आता मुंडासं सोडा, बूट घाला. आणि एक करा. नेसरीला गेलात तर हात जोडाच, पण एकदा सुरतेच्या चौक बाजारातला तापीकाठचा किल्ला पाहून बागलाणाच्या वाटेने परत या. मुल्हेरपाशी थांबा, साल्हेरच्या पायथ्याला उतरा. वाघांबे गावातून गडावर वाट जाते. बरोबर मुलं असतील तर त्यांना त्या रानात उभं करून सांगा, की प्रतापराव गुजर इथे जिंकले होते.